कंपनीचे कबाब

विकास नगरात आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या बाई नागपूरच्या. बाजारचा कुठलाही तयार मटणाचा पदार्थ तोंडात टाकला की त्या डोळे मिटतात आणि म्हणतात, "अच्छा, असं आहे काय!" आठवड्याभरात तो पदार्थ त्यांच्या ओट्यावर तयार. मला हा हट्ट जरा अतीच वाटायचा. मग दुकानं कशाला आहेत?

पुढे माझ्या सासऱ्यांचं ब्लड प्रेशर वाढलं. डॉक्टरांनी त्यांचे लाडके खोक्यातले शामी कबाब बंद केले, तर बाबा जेवणावरच रुसले. ताट जसंच्या तसं परत यायचं. माझा धीर सुटत चालला.

बाईंनी आमच्या फ्रीजरमधला उरलेला कबाब भाजून चाखला. "बाप्पा! एवढं मीठ काऊन घालतात वं?" म्हणाल्या आणि रिकामा खोका मागून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी तोच खोका घेऊन दारात उभ्या. आत घरचे कबाब, एकसारखे थापून गोठवलेले.

"काकांना सांगू नको हं. कंपनीचेच म्हण."

मी खोका बाबांना दिसेल असा मुद्दाम ओट्यावर ठेवला आणि कबाब तव्यावर परतले. बाबा पोटभर जेवले, वर आणखी एक पोळी मागितली. माझा जीव भांड्यात पडला.

हात पुसत ते म्हणाले, "सूनबाई, तो खोका कंपनीला रिकामा परत करू नकोस. चार दशहरी आंबे घाल त्यात."