दगडाचं झाड आणि पहिलं पान

गडचिरोलीत आमच्या भिंतीला भिंत लागून एक नर्सबाई राहतात. नोकरी सरकारी दवाखान्यात, माहेर सिरोंच्याचं, धर्मानं ख्रिस्ती. मी बौद्ध, निवृत्त भूगोलशिक्षिका आणि जिभेनं तिखट. तरी आमचं इतकी वर्षं जमलं, ते बहुधा एकमेकींच्या धर्मात नाक खुपसायला दोघींनाही सवड नव्हती म्हणून. नाताळात त्यांच्याकडून करंज्या येतात, बुद्धपौर्णिमेला माझ्याकडून खीर जाते, झालं आमचं सर्वधर्म संमेलन.

गेल्या वर्षी मात्र नाक खुपसावं लागलं.

त्यांच्या घरात एक रीत आहे. कोणी लांब राहायला निघालं, की आदल्या संध्याकाळी जेवणाआधी त्यानं बायबलचं पहिलं पान मोठ्यानं वाचायचं. देवानं सहा दिवसांत सगळं घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, तेच पान. नर्सबाईंनी नर्सिंग शिकायला निघताना ते वाचलं होतं, त्यांच्या आईनं लग्न होऊन सासरी निघताना. आता पाळी लेकीची होती. पोरगी भूगर्भशास्त्र शिकलेली, सोमवारी नोकरीसाठी राजस्थानला निघणार होती. आणि रविवारी पान वाचायला तिनं मंगळवारीच साफ नकार दिला.

कारण काय, तर एक झाड. सिरोंच्याकडच्या रानात झाडं दगड होऊन पडलेली आहेत, सालीच्या रेघांसकट. कॉलेजच्या सहलीत तिनं त्यावर हात ठेवला, तेव्हापासून ते तिच्या डोक्यातून उतरलंच नव्हतं.

"ते झाड करोडो वर्षांचं आहे, आई. मग सहा दिवसाचं खोटं मी काऊन वाचू?"

नर्सबाई तेलुगूत काहीतरी बोलल्या. त्या तेलुगूत गेल्या की समजायचं, प्रकरण गंभीर. मग भिंतीपलीकडून माझ्याकडे आल्या.

"बाई, तुम्ही भूगोल शिकवला ना जी? तुम्हीच समजवा तिले. तशीच गेली न वाचता, तर मले चैन नाई पडणार."

त्यांचे डोळे लाल होते. दवाखान्यात मरणं बघून न हलणारी बाई ही. मला नाही म्हणवेना.

दुपारी पोरीला बोलावलं, भजी तळली आणि मास्तरकी सुरू केली. म्हटलं, एक दिवस म्हणजे एक युग धर, सगळं बरोबर बसतं. तिनं भजं तोंडात टाकलं.

"मावशी, झाडं तिसऱ्या दिवशी आली, सूर्य चौथ्या दिवशी. युगभर झाडं सूर्याबिना काय करून राह्यली होती?"

मी तोंडघशी पडले. तीस वर्षं पोरांना ऋतुचक्र शिकवणारी मी, आणि हे लक्षातच आलं नव्हतं. चिडून म्हटलं, भजी नीट चाव.

"मग ते सहा म्हणजे किती, तेवढं तरी सांगा," ती म्हणाली.

सहा म्हणजे किती. आणि मला आलापल्लीकडचा एक मांडव आठवला. नोकरीच्या सुरुवातीला एका गोंड मैत्रिणीच्या गावी लग्नाला गेले होते. तिच्या आजीनं मला विचारलं, "बाई, तुम्ही किती देवाच्या?" बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली मी, ताठ मानेनं म्हणाले, "एकाही नाही!" म्हातारीचा चेहरा पडला. "अगाई! म्हंजे तुमचं कोणीच नाई?" तिनं हात धरून मला शेजारी बसवलं आणि पानात दुप्पट वाढलं. मैत्रीण हसून हसून बेजार. मग तिनं सांगितलं, त्यांच्यात कोणी चार देवांचे, कोणी सहा, कोणी सात. त्यावरून भाऊबंद कोण, सोयरे कोण, कोणात लग्न जमतं हे कळतं. म्हातारी देव मोजत नव्हती. मी कोणाची, ते विचारत होती.

हा किस्सा मी पोरीला सांगितला. तिनं हातातलं भजं परत ताटलीत ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे आपण या पानाले प्रश्नच चुकीचा विचारून राह्यलो?"

पुढचे चार दिवस आम्ही तेच केलं. तिचा मोबाइल, माझा चष्मा आणि वाचनालयातली दोन जाड पुस्तकं. हे पान ज्यांच्या कानावर पडलं ते कोण होते? बऱ्याच अभ्यासकांच्या मते, अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांच्या गावातून पकडून बॅबिलोनला नेलेली ज्यू माणसं. त्या शहरात सूर्य देव, चंद्र देव. तिथल्या गोष्टीत माणूस घडवला तो देवांची हमाली करायला, आणि देवाची प्रतिमा म्हणायचं ते राजाला. या पानात मात्र सूर्यचंद्रांची नावंसुद्धा घेतलेली नाहीत; एक मोठा दिवा, एक लहान. आकाश म्हणजे वरचं पाणी अडवून धरणारं छत. तेव्हा आसपासच्या सगळ्यांनाच तसं वाटे, आणि ते सुधारायला देवानं काही भूगोलाचा तास घेतलेला नाही. "आणि सातवा दिवस पाहा," पोरगी म्हणाली. "हमाली करणाऱ्याले सुट्टी!"

शेवटी, या पानात देवाची प्रतिमा एकटा राजा नाही. बाया-पुरुष, सगळेच. तिथं मी थांबले. माझ्या आजोबांना त्यांची जात दाखवूनच विहिरीपासून लांब ठेवलं होतं. पकडून नेलेल्यांना कोणीतरी हे असं सांगितलं होतं, या विचारानं मला खरंच भरून आलं. ते पान मी मानत नाही. पण लिहिणारा भेटला असता, तर त्याला चहा पाजला असता.

"हे सगळं मले आवडलं," पोरगी म्हणाली, "पण आईले वाटन, मी सहा दिवस मानले. तिले फसवून मी नाई वाचणार."

इथंच घोडं पेंड खात होतं.

रविवारी संध्याकाळी मला जेवायला बोलावलं. नर्सबाई ड्युटीवरून थेट आलेल्या, अंगावर गणवेश तसाच. बायबल टेबलावर होतं. पोरगी उभी राहिली.

"आई, मी वाचतो. पण आधी सांगतो, सहा दिवसांत झालं असं मी मानत नाई."

मला वाटलं, आता तेलुगू. पण नर्सबाई खुर्चीत बसल्या आणि मराठीतच बोलल्या, अगदी हळू.

"दिवस सहा का सहा करोड, त्याचं मले काय लोणचं घालाचं आहे? माह्या आईनं मले वाचायले लावलं, तवा मले तरी कुठी काय समजे! तू इतक्या लांब चालली. तिथी तुले कोणी ओळखत नाई. जाच्या आधी मले एवढंच ऐकाचं आहे, तू कोणाची."

आलापल्लीच्या म्हातारीची गोष्ट मी त्यांना कधीच सांगितलेली नव्हती. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"तुझीच ना वं, आई."

"मंग वाच," नर्सबाई म्हणाल्या. "भात थंडा होऊन राह्यला."