कालचा जिल्हा

लातूरला ज्या वर्षी रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी आमच्या गावाबाहेर चारा छावणी पडली होती. आमचं गाव लातूर जिल्ह्याच्या टोकाला. ओढा ओलांडला की नांदेडची हद्द लागते. त्यामुळं छावणीत दोन्हीकडची जनावरं यायची. गावातल्या एका संस्थेनं छावणी चालवायला घेतली होती आणि तिथल्या कॉम्प्युटरवर माझी सून बसायची.

सून बिलोलीकडची. लग्नाआधी तिनं नांदेडला कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं होतं. मुलगा हैदराबादला कामाला, ती आमच्याजवळ. आमच्या मालकांचं किराणा दुकान. सुनेनं बाहेर काम करावं हे त्यांना पटलं नव्हतं. कबूल झाले ते एका बोलीवर. "पहिली तक्रार आली की घरी बसायचं. मंग मला इचारायचं न्हाई." सून हो म्हणाली. त्या दिवसापासून ती फार जपून काम करायची. घरी आल्यावर तिला हसताना पाहिलं की मला वाटायचं, आजचा दिवस निभावला.

बाळ अंगावर पीत होतं, म्हणून दुपारी मी त्याला घेऊन छावणीत जायची आणि संध्याकाळी आम्ही बरोबरच परतायचो. पत्र्याच्या त्या खोलीत दाराआड पोतं अंथरून मी बसायची. मला चारचौघांत बोलता येत नाही. तिथं बोलायचं कामच नव्हतं, म्हणून जागा बरी वाटायची.

कॉम्प्युटरमध्ये काय असतं ते तिनं मला एकदा दाखवलं होतं. एका कोष्टकात माणसं, दुसऱ्यात जनावरं, तिसऱ्यात जिल्हे आणि त्या त्या जिल्ह्याला मंजूर झालेला चारा. जनावराच्या कानात बिल्ला असतो. त्याच्या नंबरावरून मालक सापडतो, मालकावरून गाव आणि जिल्हा, जिल्ह्यावरून चारा. सगळं एकमेकांत गुंतलेलं. दुपार कलली की चाऱ्याच्या चिठ्ठ्या निघायच्या. चिठ्ठी असल्याशिवाय गोदामावरचा माणूस पेंढी हलवायचा नाही.

आता आमच्या मालकांचं. आमचं गाव जिल्ह्याचं ठिकाण व्हावं म्हणून गावात समिती होती आणि हे तिच्यात होते. मोर्चे, निवेदनं, कुणी पुढारी आला की हार. दर वर्षी दोनदा तरी जिल्हा 'झाला' अशी आवई उठायची. त्या दिवशीही उठली. हे दुकान उघडं टाकून पेढ्यांचा पुडा घेऊन छावणीत आले.

"झाला! जिल्हा झाला! उद्या सही होऊन राहिली." त्यांनी छावणीच्या मॅनेजरच्या तोंडात पेढा घातला.

मॅनेजर गावातलाच, त्यालाही जिल्हा हवाच होता. "अप्पा, खरं का?"

"आरं, मुंबईहून फोन हाय. तुमच्या मशिनीत अजून लातूरच दिसतंय व्हय? बदला की. उद्या साहेब लोक आले तर काय दावणार?"

मॅनेजर सुनेकडं वळला. "आपल्या तालुक्याचा जिल्हा बदलून टाका बाई."

सून म्हणाली, "कागद आल्यावर केलं तर?"

"कागद येईल की," हे म्हणाले. "कर, काय बघून राहिलीस?"

सासरा पाठीशी उभा. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, एका हातानं तो धरला आणि दुसऱ्या हातानं बटणं दाबली. आधी जिल्ह्यांच्या कोष्टकात नवं नाव घातलं, मग कॉम्प्युटरला काय बदलायचं त्याचा हुकूम लिहिला. झालं म्हणाली. ह्यांनी पडद्यावर नवं नाव वाचलं, मला एक पेढा दिला आणि हे आधी छावणीत, मग गावात पेढे वाटायला गेले.

चिठ्ठ्यांची वेळ झाली. सुनेनं बटण दाबलं. यंत्रातून कोरे कागद यायला लागले. वर संस्थेचं नाव, खाली काही नाही. एकापाठोपाठ एक कोरे कागद. तिनं यंत्र बंद केलं, पडद्यावर काहीतरी वर-खाली करून पाहिलं, मग माझ्याकडं बघितलं.

"आत्याबाई, चूक झाली."

मी बाळाला घेऊन जवळ गेले. तिनं हळू आवाजात सांगितलं, "हुकूम देताना दोन गोष्टी लिहाव्या लागतात. काय बदलायचं, आणि कुणाचं बदलायचं. मी काय ते लिहिलं. कुणाचं, ते राहिलं. सगळ्यांचाच जिल्हा बदलला. लातूरवाल्यांचा, नांदेडवाल्यांचा, सगळ्यांचा. आणि नव्या नावावर चारा मंजूरच न्हाई."

बाहेर म्हशी ओरडायला लागल्या होत्या. माझ्या मनात जनावरं नव्हती. आमच्या मालकांची बोली होती.

मॅनेजर आला, कोरे कागद बघून घाबरला. "मंग परत उलटं करा की. नवं काढा, लातूर घाला."

"नांदेडची माणसं लातूरची होतील. आधी कोण कुठलं होतं, ते आता ह्यात राहिलेलं न्हाई."

"रोज संध्याकाळी तुम्ही प्रत काढता ना? कालची आणा आन् टाका ह्याच्यावर."

सुनेनं टेबलाच्या कप्प्यातून कालची प्रत असलेला पेनड्राइव्ह काढला, पण लगेच घातला नाही. "हे बिघडलेलं आधी बाजूला ठेवून घेते."

"नासलेलं दूध कुणी जपून ठेवतं का बाई? टाका म्हणतो ना!"

"नासलेल्यात आजची जनावरं हायत, साहेब. सकाळपासून आलेली. कालच्यात ती न्हाईत. वरून टाकलं तर ती गेलीच."

मॅनेजरनं दाराबाहेर पाहिलं. त्या दिवशी सकाळी बरीच नवी जनावरं आली होती, बहुतेक ओढ्याच्या पलीकडची. मला खोलीतून त्यांच्या दावणी दिसत होत्या.

तिनं बिघडलेल्याची प्रत काढून ठेवली. कालची प्रत वेगळ्या जागी उघडली, आजच्याला हात न लावता. मग कालच्यातला फक्त जिल्हा उचलायचा आणि आजच्यात ज्याच्या त्याच्या नंबरावर ठेवायचा, असा हुकूम तिनं लिहिला. ह्या वेळी तिनं तो मला वाचून दाखवला. मला अक्षरं कळत नव्हती, इंग्रजी होती. तरी बोट ठेवून म्हणाली, "हे काय, आणि हे कुणाचं." मी मान हलवली. मग तिनं बटण दाबलं आणि पडद्यावर ज्याचं त्याचं परत आलं. लातूरचं लातूर, नांदेडचं नांदेड.

राहिली ती आजची. त्यांचा जिल्हा कुठल्याच प्रतीत नव्हता. गावाचं नाव होतं, पण वडगाव इकडंही आणि वडगाव तिकडंही. हिप्परगा नावाची गावं तर किती! विचारूनच लिहावं लागणार होतं. सून वही घेऊन निघाली. मला म्हणाली, "बायांना तुम्ही इचारा आत्याबाई, लवकर होईल." मी नको म्हणायच्या आत ती पुढं गेली. बाळ काखोटीला मारून मीही निघाले.

तिनं पहिल्या दावणीवरच्या माणसाला विचारलं, "काका, जिल्हा कोणता?"

"नवा!" तो पेढा चघळत होता. "का, झाला न्हाई का?"

दुसरा म्हणाला, "चारा कोणत्या जिल्ह्यात जास्ती हाय? तोच लिवा."

तिसरा तिकडचा. तो चिडला. "आमी नांदेडचे. तुमच्या नव्यात आमाला वढू नका, सांगून ठेवतो. दुपारपास्नं ह्यांचं पेढे खा, पेढे खा चाललंय."

"मंग पेढा कशाला खाल्ला?" पहिला म्हणाला.

"भूक लागली म्हणून!"

सगळे हसले. सून हसली नाही. ती एकेकाला विचारत होती आणि इकडचा प्रत्येक जण हौसेनं नवाच जिल्हा सांगत होता.

मी एका बाईसमोर उभी राहिले. बाळाला ह्या काखेतून त्या काखेत घेतलं. तिनंच विचारलं, "काय पायजे, अक्का?"

"तुमचा जिल्हा..."

"माहेरचा सांगू का सासरचा? म्हैस भावानं दिलेली हाय, तिकडं नांदेडात देगलूरची. मी इकडची."

मी सुनेला हाक मारली. त्या गर्दीत मी मोठ्यानं मारलेली पहिली हाक ती असेल. ती आली आणि तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, म्हैस काल कुठं बांधली होती?"

"काल व्हय? माझ्याच दारात की."

"तुमचं दार काल कोणत्या जिल्ह्यात होतं?"

"काल? काल लातूर." ती बाई हसली. "आजचं तुमचं तुमाला ठावं."

मग सून परत पहिल्या दावणीला गेली आणि तेच विचारत आली. कालचा जिल्हा सांगा. आजचा नको, उद्याचा नको, कालचा. लोकांना गंमत वाटली, पण उत्तरं सरळ आली. मीही बायांना तसंच विचारलं. प्रश्न सापडला होता, त्यामुळं बोलायला तेवढं अवघड गेलं नाही.

दिवेलागणीला चिठ्ठ्या निघाल्या. भरलेल्या. गोदामापुढं रांग लागली आणि म्हशींचं ओरडणं हळूहळू थांबलं. तेवढ्यात हे आले. जिल्ह्याचं काही झालं नव्हतं. मुंबईच्या फोनवाल्यानं दुसऱ्याच कुठल्या तालुक्याचं ऐकलं होतं. दाराशी उभं राहून त्यांनी मॅनेजरकडून सगळी हकिकत ऐकून घेतली.

मॅनेजर म्हणाला, "अप्पा, चारा उशिरा का गेला ते वर कळवावं लागतंय. काय लिवावं, तेच बघून राहिलो."

"चूक माझी हाय," सून म्हणाली. "माझं नाव लिवा."

मी ह्यांच्या तोंडाकडं बघत होते. तक्रार आलीच होती, आणि तीही कागदावर जाणार होती. हे म्हणाले, "लाईट गेली होती म्हणून लिवा."

"लाईट कुठं गेली होती? दिवसभर होती."

"मंग माझं लिवा."

"तुमचं नाव घातलं तर तुमी कशाला आला होता, तेबी लिवावं लागंल. मंग पेढा. मंग तो खाल्ला कुणी?" मॅनेजरनं मान खाजवली आणि 'नोंदींच्या दुरुस्तीमुळे विलंब' एवढंच लिहिलं. सुनेला म्हणाला, "पुढं असा हुकूम द्यायचा तर मला बोलवायचं. मी वाचल्याशिवाय दाबायचं न्हाई."

"आणि कागद आल्याशिवाय?" तिनं विचारलं.

"आल्याशिवाय न्हाई," तो म्हणाला. ह्यांच्याकडं बघितलं नाही त्यानं.

घरी येताना हे पुढं आणि आम्ही दोघी मागं. जेवणं झाली. सून भांडी घासायला गेली तेव्हा मला वाटलं, आता हे म्हणतील, उद्यापासून घरी बसायचं. हे पान खात बसले आणि मग झोपले.

सकाळी मी चहा ठेवला होता. सून बाळाला घेऊन आतच बसलेली. केस विंचरले नव्हते. जायचं की नाही, हे तिनं विचारलं नव्हतं आणि मलाही विचारायचं धाडस नव्हतं. हे दुकानाच्या किल्ल्या घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथूनच मला म्हणाले, "तिला सांग, छावणीला उशीर होऊन राहिला. अन् कुणी मागून घाई केली, तर त्याला बाहेर काढ म्हणावं. कुणी का असंना."

मी आत जाऊन सांगितलं. तिनं ऐकलंच होतं. बाळ माझ्याकडं दिलं आणि फणी शोधायला लागली.