नाना, पाणी घ्या

"नाना, पाणी घ्या हो."

हे तीन-चार शब्द आत्या इतक्या गोड आवाजात म्हणत, की नवख्या माणसाला वाटावं, केवढी ही माया! पायरीवर चिंचेनं घासलेला तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र, शेजारी वाटीत गुळाचा खडा. आणि समोरून जाणारे नाना पागोटं सावरत, मान खाली घालून म्हणत, "आत्ताच घेऊन निघालो."

मला लिहिण्याची सवय नाही. वडील भांडी ठोकतात, आजोबाही ठोकत. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. तेव्हा आत्यांचं चित्र मला जमेल की नाही, शंकाच आहे. पण तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, ज्याची माया आणि सूड एकाच भांड्यात भरलेले असतात. ते आठवून माझं उणं भरून घ्या.

आमची कल्याणची तांबटांची आळी. आत्या आमच्या शेजारच्या. विधवा, एक मुलगा, एक सून. नाना आळीच्या टोकाला राहत. तेही तांबटच, पण व्यापारात वर चढलेले, जातीचे पंच आणि म्युनिसिपालिटीचे सभासद. रेल्वे आल्यापासून गावात परगावची माणसं वाढत होती. नानांनी त्यांच्यासाठी भाड्याची चाळ बांधली आणि चाळीचं सांडपाणी एका कच्च्या गटारानं सोडून दिलं. ते गटार आमच्या आळीच्या विहिरीला खेटून जाई.

पाण्याला वास येऊ लागला. आळीतली माणसं म्युनिसिपालिटीत गेली. तपास करायला आले कोण, तर नानाच! काठावरून वाकून पाहिलं, आणि सभेत सांगितलं, "पाणी गंगेसारखं आहे."

त्यानंतर थोड्याच दिवसांत आत्यांची सून पटकीनं गेली. तिला दिवस गेले होते. सकाळी विहिरीवर हसत होती, संध्याकाळी नव्हती.

आत्या रडल्याचं मला आठवत नाही. दिवसकार्य आटोपल्यावर सुनेनं माहेरून आणलेला तांब्या त्यांनी घासला, त्याच विहिरीचं पाणी भरलं आणि पायरीवर येऊन बसल्या. मुलासाठी आणि स्वतःसाठी लांबच्या तळ्यावरून पाणी आणत. विहिरीचं पाणी फक्त नानांसाठी.

आमच्या जातीत एकमेकांच्या घरचं पाणी नाकारत नाहीत. नाकारलं, तर त्या घराला जातीबाहेर काढल्यासारखंच. नानांनी पाणी घ्यावं तर ते पोटात जाणार, न घ्यावं तर पंच म्हणून अडकणार. त्यामुळे ते बहाणे शोधत.

"आज निर्जळी आहे, वहिनी."

"परवाही निर्जळी होती, नाना. एवढं पुण्य ठेवणार कुठं?"

ऐरणीवरचे हातोडे थांबत आणि घराघरांतून हसू फुटे. मग नानांनी वाट बदलली. चाळीच्या मागून, स्वतःच्याच गटाराच्या काठानं जाऊ लागले. एकदा पाय घसरून गुडघ्यापर्यंत आत गेले. आत्यांना कळलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गंगास्नान झालं म्हणा!" त्या दिवशी त्यांनी शेजारपाजारच्या पोरांना गूळ वाटला.

माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात सगळे पंच मांडवात बसले होते. आत्या बायकांतून उठल्या आणि तांब्या घेऊन सरळ पुढं आल्या. आमच्यात बाई पंचांपुढं अशी येत नाही. कुणी त्यांना अडवलंही नाही.

"माझ्या हातचं पाणी सगळ्या आळीला चालतं, नानांना का चालत नाही? मी कुठं शेण खाल्लं, ते पंचांनी सांगावं."

थोरल्या पंचांनी नानांकडं पाहिलं. "काय हो नाना? बाईत काही दोष आहे?"

"छे छे! बाईत कसला दोष?"

"मग घ्या की पाणी."

नानांनी फुलपात्र हातात घेतलं, तोंडापर्यंत नेलं. वास आला असावा. ते खाली ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "पाणी नासलंय."

"कशानं?" आत्यांनी विचारलं. तो आवाज गोडच होता. मला अजून त्याची भीती वाटते.

"गटारानं."

"कुणाच्या?"

नानांना उत्तर द्यावं लागलं. "माझ्या."

पंचांनी ठरवलं, गटार हलेपर्यंत नानांच्या घरचं पाणी कुणी घ्यायचं नाही. पावसाळ्याआधी खाडीकडं दगडी गटार झालं. विहीर उपसून तिच्यात चुना टाकला. पाणी पुन्हा पहिल्यासारखं लागू लागलं, आणि सगळ्यांना वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी आत्या पायरीवर होत्याच. "नाना, पाणी घ्या हो. आता खरंच गंगेसारखं झालंय."

माझी आई त्यांना म्हणाली, "आत्या, आता पुरे की. वळवलं ना त्यांनी गटार."

"गटार वळलं गं," आत्या म्हणाल्या, "पोर माघारी वळली का?"

आई घागर उचलून विहिरीकडं निघाली. आणि नानांनी ते स्वच्छ पाणीही कधी घेतलं नाही.

आत्या गेल्या तेव्हा मी मुंबईला होतो. निरोप मिळताच आलो, तरी उशीर झालाच. मी आमच्या ओसरीवर बसलो होतो, तेवढ्यात समाचाराला नाना आले. आत्यांच्या पायरीवर वहाणा काढल्या, खांबाला पाठ टेकून ऐसपैस बसले. आत्यांच्या मुलाला म्हणाले, "बाई मोठी करारी हो."

इतक्या वर्षांत त्यांना त्या घरात असं निवांत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. सुतकाच्या घरी कुणी पाणी विचारत नाही.

मी उठून आमच्या घरात गेलो. तांब्या भरला, गूळ घेतला. मी मोठ्यांपुढं बोलणारा मुलगा नव्हे.

"नाना, आमच्या घरी सूतक नाही. पाणी घ्या."

आळीतले हातोडे एकेक करत थांबले. नाना उठून वहाणा शोधू लागले. "आत्ताच घेऊन निघालो रे," असं काहीसं पुटपुटले आणि चाळीच्या मागच्या वाटेला लागले.

मी तांब्या धरून तसाच उभा. मला दुसऱ्या दिवशी कॉलेजला परतायचं होतं. आईनं माझ्या हातातून तांब्या घेतला, पदरानं पुसला आणि आमच्या पायरीवर, रस्त्याच्या अंगाला, नीट मांडून ठेवला. मग स्वतःही तिथं बसली.