आतोबांचा पिवळा शर्ट

आमच्या आतोबांइतका पिवळा माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. दोन हजार सालानंतरची बरीच वर्षं त्यांनी लग्नाला, मयताला, बँकेत आणि भाजी आणायला पिवळाच शर्ट घातला. शर्ट एकच नव्हे, रंग एकच; कापडाचा अख्खा तागा त्यांनी गल्लीतल्या टेलरचाचांच्या दुकानात नेऊन टाकला होता. चाचांनी एकदा भीत भीत सुचवलं, की दिवाळी आहे, एखादा पांढरा शिवू या. त्यावर आतोबा म्हणाले, "चाचा, पैलवान चालू कुस्तीत लंगोट बदलतोय का?" चाचा पुढे बरेच दिवस हा प्रश्न गिऱ्हाइकांना विचारत होते.

आतोबा तरुणपणी तालमीत होते. पुढे फाउंड्रीत नोकरी करून निवृत्त झाले, तरी मनाने तालमीतून बाहेर आलेच नाहीत. जगातल्या सगळ्या अडचणींची त्यांच्या मते दोनच कारणं: खुराक कमी, नाहीतर मेहनत कमी. नव्वदच्या सुमारास मी गणितात नापास झालो, तेव्हा त्यांनी मला भिजवलेले बदाम चारले आणि लगेच जोर मारत मारत पाढे म्हणायला लावले. नुसता खुराक खाल्ला तर पोट सुटतं, हा त्यांचा सिद्धांत. पुढच्या परीक्षेत मी पुन्हा नापास झालो, पण दंड चांगले भरले. आतोबांनी ती गणिताची सुधारणा धरली.

मग दोन हजारच्या सुमारास आत्या विसरायला लागली. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणीचं नाव, आणि एके सकाळी खुद्द आतोबा. घरात हा परका पुरुष कशाला शिरलाय म्हणून ती कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली. त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेईना.

डॉक्टरांनी गोळी दिली आणि गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका, असंही सांगितलं. मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं द्रव्य असतं, आत्याला ते कमी पडतंय, आहे ते लवकर मोडून जाऊ नये म्हणून ही गोळी. आतोबांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले, की हे द्रव्य वाढलं तर डोळ्यांनी बघून शिकलेलं जास्त पक्कं होत असावं, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. पण खात्रीचं काही नाही, आणि सराव तर करावाच लागतो. खात्रीचं नाही, हे आतोबांच्या कानात शिरलंच नाही. सराव म्हटल्यावर मात्र त्यांच्या तोंडावर तेज आलं. गोळी हा खुराक, मेहनत आपण करून घ्यायची. खुराक दुप्पट करू का, असंही विचारून त्यांनी डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

आत्याला एकच डाव शिकवायचा होता, तो म्हणजे स्वतः आतोबा. आमचं घर जवळच, म्हणून रोज सकाळी माझी आई येऊन तिला गोळी देई. ती पोटात गेली की आतोबा पुढच्या दाराने आत येत, खिडकीच्या उजेडात स्टुलावर बसत आणि "मी आलोय" म्हणत. शिकवायचं चित्रच रोज बदललं तर ती शिकणार काय? म्हणून शर्ट पिवळा, मिशा ठरल्या मापाच्या आणि न्हाव्याकडे दर आठवड्याला फेरी. जोतिबाला गेले की गुलालाने शर्ट गुलाबी होई. मग आधी आमच्या घरी अंघोळ, आमच्याच खुंटीवरचा राखीव पिवळा शर्ट, आणि नंतर स्वतःचं घर. माझं लग्न गडहिंग्लजला झालं. तिथे सासरची मंडळी मानाचा फेटा घेऊन आली, तर हे हात जोडून मागे सरकले. आत्या समोरच बसली होती. मंडळी रुसली, माझे सासरे लालबुंद झाले. आतोबा शांतपणे म्हणाले, "माझं काय न्हाई हो पावणं. पर हिला फेट्यातला मी अजून शिकवल्याला न्हाई." तो फेटा अखेर सासऱ्यांच्या मांडीवर राहिला.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा आतोबा दळण आणायला गेले होते. आत्याने अर्धा लाडू वाटीखाली झाकून ठेवला होता. कुणासाठी, म्हणून मी विचारलं.

"पिवळ्या शर्टाचं एक पावणं येत्यात रोज," ती म्हणाली. "कुणाचं कोण, म्हाईत न्हाई. पर मानूस चांगला हाय. आज उशीर झाला बघ त्यास्नी."

आतोबा पिठाचा डबा घेऊन दारातच उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना. इतक्या वर्षांचा संसार, एवढी मेहनत, आणि शेवटी पाहुणाच. त्यांनी डबा ठेवला, स्टुलावर बसले, आत्याने पुढे केलेला लाडू खाल्ला. मला सोडायला फाटकापर्यंत आले तेव्हा डोळे भरलेले होते, पण मिशा ताठ.

"आठवलो न्हाई तिला," ते म्हणाले. "जुना मी गेला तो गेलाच. पर ह्यो नवा ती शिकली की."

आत्या गेली, त्यानंतरच्या दिवाळीत टेलरचाचांनी मला मध्ये घातलं. आता शिकवायला कुणी नाही, आता तरी रंग बदला, असं मी आतोबांना म्हणालो. ते माप द्यायला हात पसरून उभे होते.

"वर गाठ पडली आन् हिनं वळखलं न्हाई, तर?" ते म्हणाले. "परत पयल्यापासनं शिकवायचं वय ऱ्हायलंय का माझं?"

चाचांनी टेप गळ्यात टाकली आणि फळीवरचा पिवळा तागा खाली काढला.