काटा साठवर

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वाहतूक कंपनीत निपाणीकडचा एक ड्रायव्हर होता. मराठी बोलायचा, म्हणून मला तो गावाकडचाच वाटे. निघताना खांद्यावरच्या टॉवेलने तो आधी वेगाच्या मीटरची काच पुसायचा, मग समोरची. कंपनीची मर्यादा साठची होती. "काटा साठच्या पुढं हलला की माझा पाय आपसूक वर येतो बघा अण्णा," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

मग मॅनेजरनी त्याच्या ट्रकला मोठ्या मापाचे टायर घेतले. तेव्हापासून ऑफिसातल्या जीपीएसवर त्याचा वेग रोज पासष्ट दिसू लागला आणि त्याला काढायचं ठरलं.

आमच्या घरात मीच पहिला पदवीधर. शिकवणाऱ्यांचे उपकार आठवत मी मॅनेजरकडे गेलो. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटर जुन्या चाकाच्याच हिशेबाने चालतो, म्हणून वेगही कमी दाखवतो आणि किलोमीटरही, हे त्यांना समजावलं.

"तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण टायर मी घेतलेत. वर काय सांगू?"

ड्रायव्हरला मी सगळं सांगितलं. त्याने टॉवेलने मीटरची काच पुन्हा एकदा पुसली.

"म्हणजे मी मीटरचं ऐकलं, तेच चुकलं. सरी, ठीक आहे," म्हणाला आणि खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर आला. त्याच्या हातात किल्ली देताना मॅनेजर म्हणाले, "काटा पंचावन्नवरच ठेव. या गाडीचा मीटर कमी दाखवतो."