थावी का हसली

बारांगांना आमच्या देशाची काळजी भारी. बारांग म्हणजे परदेशी गोरे. कंबोडियातल्या आमच्या नदीकाठच्या गावात ते दोनेकशे तरी राहतात, आणि त्यातले तिघं रोज सकाळी सात वाजता थावीच्या शेवयांच्या बाकावर येऊन बसायचे. कोण निवडून येणार, पूल कुणी खाल्ला, किनारा कुणाच्या घशात गेला... शेवयांचा वाडगा संपेपर्यंत त्यांनी आमचं सरकार दोनदा पाडून परत उभं केलेलं असायचं. मी शेजारीच बर्फाची कॉफी विकते. आधी चौदा वर्षं हॉटेलात चादरी धुतल्या, तिथे इंग्रजी कानावर पडून पडून कळायला लागलं. थावीला आकडे सोडले तर त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. त्यामुळे मधली बोलणी माझ्या गळ्यात.

"ताई, आज काय म्हणतायत?" ती रस्सा ढवळत विचारायची.

"तुझं सरकार पडलं."

"पडू दे बाई. वाडगे फोडू नका म्हणावं."

अशी थावी. शाळा पहिलीपर्यंत, तीही पावसाळ्यात बंद. बारा वर्षं खांद्यावर कावड घेऊन गल्लोगल्ली शेवया विकल्या, मग कुठे चिंचेखाली हे बाक टाकलं. नवरा थायलंडकडच्या मासेमारीच्या बोटीवर गेला तो गेलाच. एक मुलगी, लिन्ना. तिच्या वह्यांना कुणी ओला हात लावला तर थावी अंगावर धावून यायची. स्वतःला वही सुलटी की उलटी ते कळत नव्हतं, तो भाग वेगळा.

लिन्ना शिक्षकांच्या कॉलेजातून पास झाली त्या दिवशी थावीने गावाला फुकट शेवया वाढल्या. नदीपलीकडच्या शाळेत नेमणूक ठरली होती. राहिला होता फक्त चारित्र्याचा दाखला. त्यावर मेखुमची, म्हणजे आमच्या दहा वस्त्यांच्या प्रमुखाची, सही आणि लाल शिक्का हवा. महिनाअखेरच्या शुक्रवारी नेमणुकांची यादी बंद होणार होती. मेखुम सरुन काही परका नव्हता, लहानपणी थावीबरोबर नदीत डुंबलेला. "सोमवारी ये, करून टाकू," म्हणाला.

त्याआधीच्या शनिवारी ग्रॅहम आजोबांनी घोळ घातला.

हे आजोबा इंग्लंडचे, एकाहत्तर वर्षांचे, अकरा वर्षं आमच्यात राहिलेले. माणूस वाईट नाही हो! थावी तापाने पडली तेव्हा औषध घेऊन पायी आला होता. पण लिहायची खोड. गावातल्या परदेशी रहिवाशांचा फोनवर एक गट होता, तो ह्यांनीच काढलेला. दर रविवारी तिथे आमच्या राजकारणावर पत्र लिहायचे आणि सोमवारी किती जणांना आवडलं ते मोजायचे. निवडणूक जवळ आलेली. त्या सकाळी वाडगा बाजूला सारून मोठ्या आवाजात, आमच्याच भाषेत, मोडकंतोडकं विचारलं, "थावी! सरुन चांगला माणूस? तू त्याला मत देतो?"

पलीकडच्या बाकावर पोलिसाचा भाऊ जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

आणि थावी हसली. मान खाली, तोंडावर हात, खांदे हलवत हसली.

आमच्याकडे माणूस घाबरला की हसतो. लाजला, चुकला, पडला, तरी हसतो. नवरा गेल्याचं लोकांना सांगताना मीसुद्धा हसतच सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्यांनी माझे हात धरले होते. हे पाळण्यातल्या पोराला कळतं. अकरा वर्षं शेवया खाऊन ह्या माणसाला कळलं नाही. त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा! सगळं उत्तर ह्या हसण्यात आलं!"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की आजोबा, ती भ्यायलीय. पण पोलिसाचा भाऊ माझ्याकडे बघत होता. मी पेल्यात बर्फ भरत राहिले.

रविवारी पत्र आलं, थावीच्या फोटोसकट. मेखुमचं नाव काढताच शेवयावाली बाई हसते, गरिबाला आपल्या पुढाऱ्याबद्दल काय वाटतं ते ह्याहून वेगळं काय सांगायचं, वगैरे वगैरे. दीडशे जणांना आवडलं.

सोमवारी मी थावीबरोबर सरुनकडे गेले. दाखला त्याच्यापुढेच होता. त्याने पेन उचललं नाही.

"थावी, तू का हसलीस ते मला कळत नाही होय? मी काय बारांग आहे? तुझ्या जागी मीही तसाच हसलो असतो."

"मग कर की सही."

"अगं, कुणीतरी ते पत्र आपल्या भाषेत करून जिल्ह्याला पाठवलंय. वरचे तुझं हसणं बघायला येणार नाहीत, ते कागद बघतात. आता मी सही केली तर विचारतील, हसणाऱ्या बाईच्या पोरीला तू कसला दाखला देतोस? ते तिथून काढायला लाव. ते निघालं की शुक्रवारच्या आत ये, उभ्या उभ्या सही करतो." आणि तोही हसला. त्याच्याकडे बघवेना.

तिथून तडक आजोबांच्या घरी. थावीने चपला काढल्या, फरशीवर बसून हात जोडले. मी सगळं सांगितलं, ह्या वेळी एक शब्द गाळला नाही. भीतीचं हसणंही समजावलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, चला, काम झालं.

"म्हणजे तिला धमकावलंय," ते म्हणाले.

"नाही हो, सही अडलीय."

"तीच धमकी! आज मी ते काढलं तर जिंकले ते. तिला सांग, मी तिच्या पाठीशी आहे. काढणार नाही."

"आजोबा, तिला पाठ नकोय कुणाची. पोरीला सही हवीय."

"सवाल एका सहीचा नाही. तत्त्वाचा आहे."

"काय म्हणतायत?" थावीने विचारलं.

अकरा वर्षं ती ह्या माणसाच्या वाडग्यात माशाचा मोठा तुकडा शोधून घालत आली होती. तो 'नाही' म्हणतोय हे तिच्या तोंडावर कसं सांगू?

"म्हणतात, एकदा लिहिलेलं आता निघत नाही. त्यांच्या हातात नाही."

"असं होय," थावी म्हणाली. तिने पुन्हा हात जोडले आणि आम्ही निघालो. दारात आजोबांनी तिचा हात दाबला. बुधवारी दुसरं पत्र आलं, 'थावीवर दबाव'.

मग बाकावर काय रंगली चर्चा! फ्रान्सचा लुक म्हणे, पाहुण्याने यजमानाच्या घरात तोंड घालू नये. जर्मन डीटर म्हणे, गप्प बसणाराही गुन्हेगारच. दोन दिवस वाद घातला मेल्यांनी, तिच्याच शेवया खात, तिच्याच डोक्यावरून. तिला कुणी विचारलं नाही. आमची माणसं मात्र यायची थांबली. होडीवाले, मास्तर, पोलिसाचा भाऊ, सगळे रस्त्याच्या पलीकडून जायला लागले. मी तरी कुणाला दोष देऊ?

शुक्रवारी यादी बंद झाली. लिन्ना एरवी गाईसारखी गरीब, त्या संध्याकाळी फुटली.

"आई, तू हसलीस कशाला? सांग ना, कशाला हसलीस?"

"मग काय त्यांच्यासमोर रडू?" थावी म्हणाली.

"आणि लिहिलेलं निघत नाही हे कुणी सांगितलं तुला? एक बोट लावलं की निघतं!"

"ताईंनी विचारलंय त्यांना. ताईंना इंग्रजी येतं. तुला काय जास्त कळतं का त्यांच्यापेक्षा?"

लिन्नाने माझ्याकडे पाहिलं. पोर हुशार, तिला तेव्हाच कळलं. बोलली मात्र नाही. मीही बोलले नाही. आता बोलून काय, यादी तर बंद झाली, असं मनाशी म्हटलं. सोमवारी ती मावसबहिणीबरोबर नोम पेन्हला कपड्यांच्या कारखान्यात गेली. शर्टाच्या कॉलरी शिवते.

पुढच्या महिन्यात ग्रॅहम आजोबांचा व्हिसा संपत आला. कचेरीतला साहेब फार गोड बोलला म्हणे. "आजोबा, तुम्ही लिहिता असं ऐकलं?" एवढंच. ते घरी आले आणि दुपारच्या आत सगळं काढून टाकलं, दोन्ही पत्रं, फोटो, अख्खा गट. हे मला लुकने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच आले. बाकाच्या कडेला बसले.

"तिला सांग," ते मला म्हणाले, "मी सगळं काढून टाकलंय. आता तिला त्रास होणार नाही." मी बर्फ फोडत राहिले तेव्हा म्हणाले, "ह्या वयात मला हाकललं तर मी कुठे जाऊ? तिकडे माझं कुणी नाही."

ते खरं होतं, हाच तर वैताग. बर्फाची बादली त्यांच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटत होती आणि त्यांची कीवही येत होती. थावी त्यांच्या शेवयांवर केळफूल चिरून घालत होती.

"काय म्हणतायत, ताई?"

ह्या वेळी खोटं सुचलं नाही. "म्हणतात, ते लिहिलेलं काढून टाकलंय त्यांनी. काल."

तिचा हात थांबला. ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे काढता येत होतं?"