मशीन, बापू आणि कृष्णेचं पाणी

सरकारी नोकरीत प्रमोशन येईल तेव्हा येईल, किस्से मात्र रोज इनवर्ड होतात! सत्तरच्या दशकात मी सांगलीला, नदीची पाणीपातळी मोजणाऱ्या ऑफिसात क्लार्क होतो.

*

आमचे छापील फॉर्म कुठल्याशा बंदरावरून आलेले. त्यात 'भरती' आणि 'ओहोटी' असे दोन रकाने. आम्ही रोज इमानदारीत 'निरंक' लिहायचो. एक दिवस वरून खरमरीत पत्र आलं, "तीन महिने ओहोटी निरंक. खुलासा करा."

मी कळवलं, "समुद्र अद्याप सांगलीस पोचलेला नाही. पोचताच कळवतो."

खुलासा मंजूर झाला!

*

कुंडलला एका बांधावर आमचा दगड होता. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली. तपासायला गेलो, तर दगड पार खाली ओढ्याकाठी! शेतमालक म्हणाला, "आवं, नांगराला आडवा येत हुता. पर आकड्याला हात लावला न्हाई. उंची हाय तेवढीच हाय!"

*

मग आलं ऑटोमॅटिक मशीन. पाण्यावर फ्लोट, वर कागदावर पेन. पाणी चढलं की रेघ चढणार. पण ते खरं सांगतंय का, हे तपासणार कोण? तर आमचे बापू. फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले, घाटावरच्या मोजपट्टीवरचा आकडा वाचून रजिस्टरात लिहिणारे. ऑर्डर अशी, की पावसाळाभर दोघांचं रीडिंग जुळलं तर मशीन पास आणि बापू घरी. नाही जुळलं, तर चूक अर्थातच बापूंची, पण मशीनचं पास होणं लांबणार!

मी म्हटलं, "बापू, अधूनमधून दोन इंच चुकवा की!"

"न्हाई गड्या. बघितलं ते लिवायचं."

माणूस स्वतःच्या हातानं नोकरी घालवत होता. मला लय राग आला त्यांचा.

*

साताऱ्याचे साहेब ट्रेनिंग घेऊन आले आणि लेक्चर दिलं. म्हणे, आता उपग्रह आकाशातून समुद्राची पातळी मोजणार!

बापूंनी विचारलं, "साहेब, त्यो चुकला तर?"

"किनाऱ्यावर मोजपट्टी असते, तिच्याशी ताडून बघतात."

"आन् पट्टी कोन बघतंय?"

"माणूस."

"मंग मला का काढताय?"

साहेबांनी चहा मागवला.

*

पावसाळ्याअखेर साहेब मशीन पास करायला आले, आणि त्याच दिवशी कृष्णेला पूर! बापू तासातासाला चढता आकडा आणत होते. मशीनची रेघ मात्र सरळ आडवी.

साहेब म्हणाले, "मशीन इम्पोर्टेड आहे. रजिस्टर दुरुस्त करा."

"न्हाई जमायचं, साहेब."

"मग उद्यापासून येऊ नका!"

एवढ्यात साहेबांनी काढून ठेवलेले बूट टेबलाखालून तरंगत बाहेर आले.

साहेबांना पोहता येत नव्हतं. बापूंनी त्यांना खांद्यावर घेतलं. पायऱ्या उतरलो, तर अंगणात छातीभर पाणी. मी डोक्यावर रजिस्टर धरून मागं. फाटकाजवळ, पुरासाठी लावलेल्या वरच्या मोजपट्टीपाशी बापू थांबले.

साहेब ओरडले, "थांबलात का?"

"पाचाचं रीडिंग हाय. माजं हात गुतल्यात. मी सांगतो, तुमी लिवा."

मी रजिस्टर वर दिलं. साहेबांनी गपगुमान पेन काढलं. बापूंनी आकडा सांगितला. साहेबांचा हात थबकला.

"बापू, नक्की एवढं आहे?"

"उतरून बघता का?"